संगणकावरचे निर्णय कोणी घ्यायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि उत्तम चालणारे असंख्य संगणक एकाएकी अडचणीत आले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. तो नसेल तर यंत्र कितीही धडधाकट असले तरी पुढची अधिकृत वाट बंद होते. अशा संगणकांचे काही मालक लिनक्स या मुक्त, मोफत मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कुटुंबाकडे वळतात, आणि वळल्याबरोबर त्यांना ठरवावे लागते, की सगळे जुळवून दिलेली ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी, की एकेक भाग स्वतः निवडून, स्वतः जोडून उभी करावी लागणारी घ्यावी. याचे एक ठरलेले उत्तर सगळीकडे ऐकू येते. नवखे असाल तर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे तयार प्रकार घ्या, थोडे शिकलात की हाताने जुळवायच्या आर्चकडे जा, आणि खरे जाणकार झालात की त्याहून बारीक काम मागणारे जेंटू वापरा. जणू या शाळेतल्या इयत्ता आहेत, आणि वर्षानुवर्षे मिंट वापरणारा माणूस पहिलीतच बसून राहिला आहे. हे उत्तर मला कधीच पटलेले नाही, आणि ते का पटत नाही हे नीट मांडावे म्हणून हा लेख.

दोन्ही प्रकारच्या सिस्टीम मी बराच काळ वापरत आले आहे आणि आजही वापरते. त्यातून माझे मत असे झाले आहे, की वापरणाऱ्याच्या पात्रतेशी या निवडीचा फारसा संबंध नाही. चालता संगणक ही शेकडो लहानमोठ्या निर्णयांची बेरीज असते. डिस्कवर कोणती फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली साठवण्याची पद्धत, असावी, संगणक सुरू होताना कोणत्या सेवा आपोआप चालू व्हाव्यात, आवाज कोणत्या प्रोग्रामने हाताळावा, अपडेट कधी आणि कशी यावी, असे हे निर्णय असतात आणि ते कोणीतरी घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. तेव्हा ठरवायचे असते ते असे, की त्यांतले कोणते आपण घ्यायचे, कोणते विश्वासाने दुसऱ्यांवर सोपवायचे, आणि एकदा घेतलेला निर्णय पुढची अनेक वर्षे सांभाळायचा कोणी.

मिंटचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाण्याआधी संपूर्ण डेस्कटॉप समोर येतो. ब्राउझर उघडतो, वाय-फाय जोडता येते, स्पीकर वाजतो की नाही हे पाहता येते. मग इन्स्टॉलर भाषा, कीबोर्ड, डिस्कवरची जागा, वेळेचा विभाग, नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि काही वेळात काम संपते. आर्चचा पेनड्राइव्ह लावला तर काळ्या पडद्यावर कमांडची वाट पाहणारी एक ओळ दिसते. डिस्कचे विभाग आपण पाडायचे; त्यांतला एक लहान विभाग संगणक सुरू करणाऱ्या फाइलींसाठी फॅट३२ पद्धतीचा करायचा, उरलेल्या जागेवर एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टीम घालायची, ते विभाग माउंट करायचे, म्हणजे वापरासाठी जोडायचे, मूळ पॅकेजेस (प्रोग्रामचे गठ्ठे), कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि फर्मवेअर (हार्डवेअरचे स्वतःचे सॉफ्टवेअर) त्यांवर उतरवायचे, मग त्या अर्धवट सिस्टीमच्या आत शिरून वेळ, भाषा, संगणकाचे नाव, मुख्य पासवर्ड आणि संगणक सुरू होताना कर्नल चढवणारा बूटलोडर एकामागून एक बसवायचे. प्रत्येक पायरी समजावून सांगणारे उत्तम दस्तऐवज उपलब्ध आहेत. मात्र कोणतीही पायरी आपोआप होत नाही, आणि जे आपण मागितले नाही ते मिळतही नाही.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय पुरता कळत नाही. पेनड्राइव्हवरच्या तात्पुरत्या सिस्टीममध्ये वाय-फाय जोडण्याचे साधन असते. डिस्कवर उभारलेल्या नव्या सिस्टीममध्ये ते आपण मुद्दाम बसवले नसेल, तर पहिल्यांदा सुरू झालेला संगणक इंटरनेटविनाच जागा होतो. डेस्कटॉप बसवला, ब्राउझर बसवला आणि एखादे मराठी वृत्तपत्र उघडले, तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींच्या ओळी दिसू शकतात, कारण देवनागरीचा फॉन्ट कोणीच आणलेला नसतो. नोटो फॉन्टचे पॅकेज आणले की अक्षरे उमटतात. मग मराठीत टाइप करण्यासाठी इनपुट पद्धतीची वेगळी सोय लावावी लागते आणि मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची मांडणी, हवे असेल तर एका फाइलमधली त्याची ओळ उघडी करून ते तयार करून घ्यावे लागते. तयार सिस्टीममध्ये आपली लिपी पहिल्या दिवसापासून दिसते, ती कोणीतरी आपला विचार आधीच करून ठेवलेला असतो म्हणून दिसते, हे अशा वेळी जाणवते. तयार सिस्टीम बांधणाऱ्यांविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो हाताने सिस्टीम उभी करताना निर्माण झाला, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

हाताने जुळवण्याचा आनंदही खरा आहे. ज्याला आपण सरसकट डेस्कटॉप म्हणतो तो एकच प्रोग्राम नसून अनेक स्वतंत्र प्रोग्राम एकमेकांशी ठरलेल्या पद्धतीने बोलत असतात, हे तेव्हा कळते. लॉगिनचा पडदा दाखवणारा एक, खिडक्या मांडणारा दुसरा, आवाजाचे मार्ग ठरवणारा पाइपवायर, ब्लूटूथची वेगळी सेवा, सूचना दाखवणारा आणखी एक, आणि एखाद्या कामासाठी पासवर्ड मागणारी ती लहानशी चौकटसुद्धा स्वतंत्र प्रोग्रामची असते. ती बसवलेली नसेल तर डिस्क माउंट करण्यासारखे साधे काम मुकाट्याने नाकारले जाते आणि कारण शोधत बसावे लागते. हा शोध मला मनापासून आवडतो. एखादे यंत्र आपल्यापासून काहीही लपवत नाही आणि त्याच्या प्रत्येक वागण्यामागचे कारण कोणत्या ना कोणत्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वाचता येते, याने मनाला मिळणारे समाधान मोठे आहे.

तरीही हे लक्षात ठेवले पाहिजे, की आत दोन्ही सिस्टीम बऱ्याच अंशी एकच आहेत. कर्नल तेच, ग्नूची मूळ साधने तीच, सेवा सांभाळणारा सिस्टमडी तोच, आणि पुष्कळदा नेटवर्क हाताळणारा प्रोग्रामही तोच. म्हणून हाताने उभारलेली सिस्टीम मुळातच वेगवान असते असे जे म्हटले जाते त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. कमी सेवा चालू असल्या तर मेमरी थोडी कमी लागते, हे खरे. ब्राउझरमध्ये भरमसाट टॅब उघडले की ती बचत कुठल्या कुठे जाते. जेंटूमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या संगणकावर, आपल्याला हव्या तेवढ्याच सोयींसह मूळ कोडपासून कंपाइल, म्हणजे तयार, करता येते, आणि कोणती सोय ठेवायची याच्यावरचे ते नियंत्रण विलक्षण सूक्ष्म आहे. वेगासाठी मात्र मी ते कोणाला सुचवणार नाही. २०२३ च्या डिसेंबरात खुद्द जेंटूनेच तयार बायनरी पॅकेजेस मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिली.

इतिहास पाहिला तर इयत्तांची ती कल्पना आणखी डळमळते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये कर्नल प्रसिद्ध केले तेव्हा त्याभोवती चालती सिस्टीम उभारणे हे ज्याचे त्याने करायचे काम होते. ते श्रम वाचावेत म्हणून डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे कर्नल आणि सोबतचे प्रोग्राम एकत्र जुळवून दिलेली सिस्टीम, ही गोष्ट जन्माला आली. १९९२ मध्ये आलेले एसएलएस हे सुरुवातीच्या काळातले गाजलेले डिस्ट्रिब्यूशन. त्यातले दोष काढता काढता पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर प्रसिद्ध केले, आणि एसएलएसच्या ढिसाळपणावर असमाधानी असलेल्या इयान मर्डॉक यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. आज स्लॅकवेअर हे कडक, सगळे स्वतः करायला लावणारे डिस्ट्रिब्यूशन समजले जाते, कारण एका पॅकेजला दुसरे कोणते लागते हे त्याचा पॅकेज मॅनेजर आजही आपोआप सोडवत नाही. पण जन्माला आले तेव्हा ते सोयीचेच साधन होते. त्या काळात पडद्यावर चित्र आणण्यासाठी मॉनिटरच्या पुस्तिकेतून आडव्या आणि उभ्या वारंवारितेचे आकडे शोधून एका फाइलमध्ये लिहावे लागत, आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा दस्तऐवजांत दिलेला असे. हा निर्णय आज कर्नल आणि मॉनिटर परस्पर करतात. कट्टर आर्चवालाही तो परत मागत नाही.

आर्च आणि जेंटू १.० ही दोन्ही मार्च २००२ मधली. आर्च सुरू करणारे जड व्हिनेट यांच्या डोक्यात साधेपणाची जी कल्पना होती ती आजही त्या प्रकल्पाच्या तत्त्वांत टिकून आहे. मूळ प्रोग्राम त्यांच्या कर्त्यांनी दिले तसेच, अनावश्यक भर न घालता पोचवायचे, आणि वापरणाऱ्याने वाचावे, समजून घ्यावे, गरज पडेल तिथे स्वतः दुरुस्त करावे, अशी अपेक्षा ठेवायची. ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकलने उबुंटू ४.१० आणले ते नेमकी दुसरी बाजू धरून. दर सहा महिन्यांनी आवृत्ती, पुढे दर दोन वर्षांनी दीर्घ आधाराची आवृत्ती, आणि मागेल त्याला घरपोच फुकट सीडी. २००६ मध्ये उबुंटूच्या पायावर मिंट उभे राहिले. ही दोन टोके जवळपास एकाच काळात घडली, आणि एकाच माणसाला वेगवेगळ्या कामांसाठी दोन्हींची गरज पडू शकते.

दुसऱ्यावर निर्णय सोपवण्याची किंमत काय असते, हे उबुंटूच्याच वाटचालीत स्वच्छ दिसते. २०११ मध्ये उबुंटूने नेहमीचा ग्नोम डेस्कटॉप बदलून स्वतःचा युनिटी आणला. अनेकांनी नाराजीने का होईना तो आत्मसात केला, आणि २०१७ मध्ये तो सोडून सिस्टीम पुन्हा ग्नोमकडे वळली. २०१२ च्या १२.१० आवृत्तीत संगणकावरच्या शोधात अॅमेझॉनवरच्या वस्तू दिसू लागल्या, त्यावर खासगीपणाच्या कारणाने मोठा आक्षेप घेतला गेला, आणि १६.०४ मध्ये ती सोय मुळात बंद ठेवण्यात आली. अलीकडे फायरफॉक्ससारखे प्रोग्राम स्नॅप या कॅनॉनिकलच्या स्वतःच्या पॅकेज-स्वरूपात देण्याचा निर्णय आला. उबुंटूवरच बांधलेल्या मिंटने २०२० मध्ये आपल्या विसाव्या आवृत्तीत स्नॅपला मुळातच अटकाव केला. म्हणजे तयार सिस्टीम वापरणाऱ्यालाही निवड करावी लागतेच. कोणाच्या निर्णयबुद्धीवर आपण विसंबणार आहोत, ही ती निवड असते, आणि मिंट की उबुंटू या प्रश्नाला जी थोडीफार खोली आहे ती इथे आहे. रंगसंगती आणि चिन्हांच्या तुलनेत ती सापडत नाही.

उलट बाजूची किंमत कमी बोलली जाते. आपल्या हातात निर्णय आहेत असे आपण म्हणतो तेव्हा जे निर्णय आपल्याला माहीत आहेत तेच आपण मोजतो. उबुंटूमध्ये अॅपआर्मर आणि फेडोरा या डिस्ट्रिब्यूशनमध्ये एसईलिनक्स हे प्रोग्रामच्या अधिकारांना लगाम घालणारे संरक्षण पहिल्या दिवसापासून चालू असते. आर्चमध्ये तसे काही आपोआप चालू होत नाही. एसएसडीवरच्या मोकळ्या झालेल्या जागेची माहिती डिस्कला ठरावीक काळाने देणारी सेवा उबुंटूमध्ये आपली आपण चालते. आर्चमध्ये ती असते, पण सुरू आपल्याला करावी लागते. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची असेल तर उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये तो एक पर्याय आहे; हाताने करताना एन्क्रिप्शनचा थर, सुरुवातीच्या बूट-प्रतिमेतली मांडणी आणि बूटलोडरला द्यायची माहिती ही तिन्ही नीट जुळवावी लागतात. यातले काहीही अशक्य नाही, फार अवघडही नाही. मात्र अमुक एक निर्णय घ्यायचा होता हेच ज्याला ठाऊक नसते, त्याच्याकडून तो न घेण्याचा निर्णय आपोआप झालेला असतो. म्हणून हाताने उभारलेली सिस्टीम अधिक सुरक्षित असते हे विधान ऐकले की मी नेहमी विचारते, कोणी उभारलेली?

सांभाळण्याचा भाग तर याहून महत्त्वाचा आहे, कारण इन्स्टॉलेशन एकदा होते आणि सांभाळणे कायम चालते. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला पाच वर्षे नियमित सुरक्षा-अपडेट मिळतात; २४.०४ आणि तिच्यावर आधारलेली मिंट २२ या दोन्ही २०२९ पर्यंत चालतील. त्या काळात मोठे बदल सहसा येत नाहीत. आर्चला आवृत्त्याच नाहीत; नवे पॅकेज तयार झाले, तपासले गेले की ते सगळ्यांकडे पोचते. प्रोग्राम नेहमी ताजे मिळतात, अगदी नव्या हार्डवेअरला त्याचा फार उपयोग होतो, आणि त्याबरोबर एक कर्तव्य येते. अपडेट करण्यापूर्वी प्रकल्पाने दिलेल्या सूचना वाचायच्या, अर्धवट अपडेट कधीही करायची नाही, आणि आपण बदललेल्या सेटिंगच्या फाइलींची नवी रूपे आली तर ती शेजारी ठेवून जुळवायची. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रब या बूटलोडरच्या एका अपडेटनंतर आर्च आणि त्यावर आधारलेल्या काही सिस्टीम सुरूच होईनाशा झाल्या. ज्यांनी आपली सिस्टीम समजून हाताने उभारली होती त्यांना पेनड्राइव्हवरून सुरू करून, आत शिरून ग्रब पुन्हा बसवण्याची वाट माहीत होती. ज्यांनी कोणाच्या तरी व्हिडिओवरून कमांड उतरवून घेतल्या होत्या त्यांच्यापुढे फक्त न सुरू होणारा संगणक होता.

विश्वासाचा प्रश्न तर कोणत्याच बाजूला सुटत नाही. आर्चच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या एयूआर या भांडारात कोणालाही पॅकेज बनवण्याची कृती टाकता येते, आणि ती वाचून मगच चालवावी असा तिथला स्पष्ट नियम आहे; २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तिथे घातक मजकूर असलेली पॅकेजेस सापडली आणि काढावी लागली. दुसरीकडे, फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही काळ तिथून छुपी वाट ठेवलेली इन्स्टॉलेशनची फाइल (प्रतिमा) उतरवली जात होती. त्यामुळे उतरवलेल्या प्रतिमेची डिजिटल सही किंवा चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) तपासणे हे काम मिंटवाल्यालाही चुकत नाही. हे काही मिनिटांचे काम आहे आणि ते बहुतेकजण टाळतात, याचे मला वाईट वाटते.

हाताने उभारण्यातून शिक्षण होते का, याचे माझे उत्तर होय असेच आहे, फक्त ते शिक्षण कमांड टाइप करण्यात नसते. आर्चविकी या आर्चच्या सामूहिक दस्तऐवजांवरच्या पायऱ्या जशाच्या तशा उतरवून तासाभरात सिस्टीम उभी करता येते आणि त्यातून जवळजवळ काहीही न शिकता बाहेर पडता येते. शिक्षण होते ते एखाद्या पायरीवर थांबून, ही पायरी गाळली तर काय बिघडेल असे विचारल्यावर. आर्चविकी मात्र अमोल आहे, आणि ती फक्त आर्चवाल्यांची नाही. डेबियनवर प्रिंटर चालेना किंवा फेडोरावर ब्लूटूथ अडले तरी माझा शोध पुष्कळदा तिथेच संपतो. सगळे स्वतः करायला लावणाऱ्या समाजाने इतके काळजीपूर्वक लिहून ठेवले, याचा फायदा सगळे तयार हवे असणाऱ्यांनाही झाला.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली आहे, आणि हे ज्यांना ठाऊक नसते त्यांना आश्चर्य वाटते. २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र कोणालाही, लहान मुलालाही, लगेच वापरता येते. त्यातली स्टीमओएस आर्चवर बांधलेली आहे, फक्त तिचा मूळ भाग कुलूपबंद ठेवलेला असतो, म्हणजे वापरणाऱ्याकडून तो सहजासहजी बिघडत नाही. क्रोमबुकमधली क्रोमओएस जेंटूच्या पोर्टेज या साधनाने बांधली जाते. पूर्ण निवडीचे स्वातंत्र्य देणारे साधन घेऊन, त्या सगळ्या निवडी एकदाच विचारपूर्वक करून, त्या लाखो लोकांसाठी पक्क्या केल्या की अत्यंत सोपी वस्तू तयार होते. डेबियनचेही असेच एक उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. वाय-फायच्या अनेक चिपना लागणारे फर्मवेअर मुक्त नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसे, आणि ते वेगळे मिळवण्याचा भार वापरणाऱ्यावर पडे. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदानाने तो नियम बदलला आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येऊ लागले. तत्त्वाचा आग्रह आणि माणसांची अडचण यांच्यामधला तो निर्णय होता, आणि तो उघडपणे, मत मोजून घेतला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

मी स्वतः रोजच्या कामाचा संगणक डेबियनवर ठेवते, कारण त्या यंत्रावर मला लिहायचे असते आणि सकाळी ते कालच्यासारखेच सुरू झालेले हवे असते. दुसऱ्या एका जुन्या संगणकावर आर्च आहे. तिथे नवे डेस्कटॉप, नव्या फाइल सिस्टीम, एखाद्या सेवेची वेगळी मांडणी करून पाहते, आणि तिथे काही बिघडले तर ते शोधण्यासाठीच तो संगणक आहे. घरातल्या इतरांच्या संगणकांवर मात्र मी मिंटच बसवते, आणि याबाबत माझे मत ठाम आहे. ज्या यंत्राची दुरुस्ती फक्त आपल्यालाच जमेल असे यंत्र दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे सिस्टीमच्या अवस्था जपून ठेवणारे साधन लावून ठेवले की चुकलेल्या अपडेटनंतर आदल्या दिवसाच्या अवस्थेवर परतता येते, आणि ते काम फोनवरून समजावून सांगता येते. हाताने उभारलेल्या सिस्टीमचे ज्ञान एका डोक्यात असते. ते डोके प्रवासात असले, आजारी असले, तर संगणक बंद पडतो.

ते ज्ञान आपल्याही डोक्यात टिकत नाही, ही आणखी एक गोष्ट. एखादी सेवा आपण का बंद केली होती, कर्नलला तो विचित्र पर्याय कशासाठी दिला होता, हे काही काळाने आठवत नाही, आणि आपणच बांधलेले यंत्र आपल्याला परके होते. म्हणून आर्चच्या संगणकासाठी मी एक वही ठेवली आहे. कोणता बदल, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, हे त्यात लिहिते. निक्सओएससारख्या सिस्टीमने हीच वही सिस्टीमच्या आत नेली आहे. संपूर्ण संगणक कसा असावा याचे वर्णन एका मजकुरात लिहायचे, सिस्टीम त्यावरून उभी राहते, आणि बदल पटला नाही तर मागच्या अवस्थेत परत जाता येते. शिकायला ती कठीण आहे. पण हाताने काम करण्याची आवड आणि नोंदीची शिस्त एकत्र आणण्याचा तो एक गंभीर प्रयत्न आहे, आणि माझे पुढचे शिकणे बहुधा त्या दिशेने होईल.

ज्यांना हा अनुभव घ्यावासा वाटतो त्यांना मी चालता संगणक पुसून टाकायला सांगत नाही. मिंटवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक, चालवावे आणि त्यात आर्च हाताने बसवावे. बिघडले तर ते काढून पुन्हा मांडता येते. २०२१ पासून आर्चच्या पेनड्राइव्हवर आर्चइन्स्टॉल नावाचा मार्गदर्शक इन्स्टॉलरही आहे, आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. पहिल्या वेळी मात्र तो टाळावा, कारण शिकायचे असते ते त्याने झाकलेल्या भागात असते. मग दोन्ही सिस्टीममधल्या सारख्या फाइली शेजारी ठेवून वाचाव्यात. सुरुवात कोणता विभाग कसा माउंट करायचा हे सांगणाऱ्या एफएसटॅबपासून करावी, कारण ती लहान असते. मिंटच्या इन्स्टॉलरने एक्स्ट४ असलेल्या मुख्य विभागाच्या ओळीत, फाइल सिस्टीममध्ये दोष आढळल्यास तो विभाग फक्त वाचण्यापुरता माउंट करावा, असा पर्याय घातलेला आढळेल. तेवढ्यामुळे दोष सापडल्यानंतर डिस्कवर आणखी काही लिहिले जाऊन नुकसान वाढत नाही. आर्चमध्ये आपण तयार केलेल्या फाइलीत तो पर्याय नसतो, आणि एक्स्ट४ चे नेहमीचे वागणे दोष नोंदवून पुढे चालू राहण्याचे आहे. हा फरक दिसला, त्यामागचे कारण वाचले, की आपल्या आर्चमध्ये ती ओळ तशीच ठेवायची की बदलायची हे आपल्याला ठरवता येते.